कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे?

सुरक्षितता हवी की स्वातंत्र्य, असा प्रश्न आज शहरवासीयांपुढे मोठ्या चातुर्याने टाकला जात आहे. हा प्रश्नच मुळात खोटा आहे. ज्याच्यापाशी दोन्ही आहेत त्याला एकाची किंमत देऊन दुसरे विकत घेण्याची चैन परवडते. मुंबईच्या कष्टकरी माणसाला मात्र स्वातंत्र्य द्यायला लावून बदल्यात सुरक्षितताही दिली जात नाही, हा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. या लेखात आम्ही एवढेच मांडणार आहोत की, नागरिकावर नजर ठेवल्याने नागरिक सुरक्षित होत नाही; सत्तेवर नागरिकांची नजर असली तरच तो सुरक्षित होतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्यानंतर मुंबईभर कॅमेरे बसविण्याची घोषणा झाली. निविदा आणि फेरनिविदा यांच्या घोळात आठ वर्षे गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ९४९ कोटी रुपये खर्चाची योजना लोकार्पण झाली. दीड हजार ठिकाणी मिळून जवळपास ४,७०० कॅमेरे बसले. पुढे ही संख्या वाढतच गेली. २०२४ साली पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी राज्य शासनाने ‘मार्व्हल’ नावाची स्वतंत्र कंपनीच काढली. या यंत्रांचा काहीच उपयोग नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चोरीला गेलेली गाडी, पळवून नेलेले मूल, धडक देऊन पळालेला मोटारवाला यांचा माग कॅमेऱ्यामुळे लागतो, हे आम्ही मान्य करतो. पण चोर सापडणे आणि नागरिक सुरक्षित होणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मुंबईत माणूस मरतो कशाने, हे आधी पाहिले पाहिजे. एकट्या २०२३ साली उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली; म्हणजे दररोज सुमारे सात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पूल अपुरा आहे हे रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे त्याखाली गेली. हा फलक १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होता. महापालिकेच्या नियमात ४० फुटांपलीकडे परवानगी नाही. तो उभा होता रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवर! एवढा राक्षसी सांगाडा हमरस्त्याच्या कडेला दिसण्यासाठी कोणत्या कॅमेऱ्याची गरज होती? तो सर्वांना दिसत होता. ज्यांनी त्याकडे पाहायचे त्यांनी पाहिले नाही, आणि त्यांना जाब विचारण्याची सोय नागरिकापाशी नव्हती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेचा कारभार प्रशासकाच्याच हाती होता, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. गल्लीतला दिवा बंद पडला तर कोणाकडे जायचे, हेही ज्या शहरात ठरलेले नव्हते, त्या शहरात सुरक्षिततेच्या गप्पा मारल्या जात होत्या.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचे नाव पुढे करून कॅमेऱ्यांचे समर्थन सर्वाधिक केले जाते. म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती जागा कोणती होती? वर्षानुवर्षे बंद पडलेली, झाडाझुडपांनी वेढलेली गिरणी. ज्या काळात गिरणगावात तीन पाळ्या चालत, त्या काळात मध्यरात्रीही रस्त्याला जाग असे. तिसऱ्या पाळीचा कामगार, खाणावळवाली बाई, चहाची टपरी, चाळीच्या गॅलरीत झोपलेली माणसे, हा त्या वस्तीचा पहारा होता. तो जमाना स्त्रीला स्वर्ग होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण गिरण्या बंद करून, जमिनींचे भाव चढण्याची वाट पाहत शहराच्या मध्यभागी काळोख साठू देण्यात आला, आणि मग त्याच काळोखाचे कारण सांगून नागरिकांवर यंत्रांची नजर बसविण्यात आली. फेरीवाल्याला ‘सुरक्षिततेसाठी’ रस्त्यावरून हुसकावणारे आणि नंतर निर्मनुष्य रस्त्यावर कॅमेरा लावणारे शासन एकच आहे. या शासनाची आस्था किती खरी, याचा पुरावा डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला. स्त्रियांच्या संरक्षणासाठी असलेल्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेल्या गाड्यांपैकी काही सत्तारूढ गटाच्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्तात धावत असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी उघड केले. बाईच्या नावाचा पैसा आणि आमदाराच्या मागेपुढे गाडी, असा तो न्याय!

बदलापूरचे प्रकरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ करावे असे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. शाळेत कॅमेरे होते. परंतु पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नाही, असे खुद्द तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. तक्रार नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. लोक रेल्वेमार्गावर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. आणि हलली ती आंदोलकांची धरपकड करीतच. पुढे २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्याच गाडीत पोलिसाच्या गोळीने मारला गेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरले. मुलींना न्यायालयात मिळायचा न्याय गोळीबाराच्या धुरात विरून गेला. कॅमेरा असून दिसले नाही, ठाणे असून ऐकले नाही आणि कायदा असून खटला चालला नाही. यातील कोणती उणीव आणखी हजार कॅमेऱ्यांनी भरून निघणार आहे?

‘जो निर्दोष आहे त्याला भीती कशाची?’ असा एक सवाल मध्यमवर्गीय बैठकीत हमखास केला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आरोपींचे म्हणणे न्यायालयाने गंभीरपणे घेतले आणि आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष सपशेल अयशस्वी ठरल्याचे नमूद केले. हा निर्णय अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. बारांपैकी एक जण तर निकालाआधीच तुरुंगात मरण पावला होता. एकोणीस वर्षे! घाटकोपरच्या २००२ च्या स्फोट प्रकरणात पकडलेला एक तरुण अभियंता २००३ साली पोलिसांच्या ताब्यातून ‘पळून गेला’ असे सांगण्यात आले. तो कोठडीतच मरण पावला, असे राज्याच्याच गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात निष्पन्न झाले. निर्दोषाला भीती कशाची, याचे हे उत्तर आहे. आणि ही हानी केवळ पकडलेल्यांची नाही. चुकीचा माणूस तुरुंगात सडतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा असतो आणि लोकलच्या डब्यात मेलेल्यांच्या घरच्यांना न्यायाच्या नावाने रिकामा कागद मिळतो.

आता या सर्वावर प्रकाश टाकणारी एक गोष्ट पाहा. देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि तिच्या वाटेवर, रात्री दिसेल आणि आवाजही नोंदला जाईल असे कॅमेरे बसवावेत, चित्रण शक्यतो दीड वर्ष आणि किमान एक वर्ष जपून ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून, याच न्यायालयाला आपल्याच आदेशाच्या पालनाबाबत स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे, नागरिकाकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यासाठी शेकडो कोटी, स्वतंत्र कंपनी, नियंत्रण कक्ष आणि मंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटन; आणि पोलिसाकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यासाठी मात्र पाच वर्षे चालढकल. राज्यकर्त्या वर्गाला सुरक्षिततेचा जो अर्थ अभिप्रेत आहे तो या एका विसंगतीत पूर्णपणे उघडा पडतो.

कान लावण्याचीही तीच कथा आहे. फोन चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बंधने घातली. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमुखाने सांगितले. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली केंद्रीय गृहखात्याचे २००९-१० मधील फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. परंतु दहा वर्षांनी रद्द झालेल्या आदेशाने दहा वर्षे आधी ऐकलेले न ऐकलेले होत नाही. ‘पेगॅसस’ प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच होती हे सिद्ध झाले नाही. आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला तपासणीची भीती कशाची, हा सवाल सरकारला का विचारला जात नाही? उलट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार घेतला आणि माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमाला कात्री लावली. नागरिकाची माहिती सरकारला खुली, आणि सरकारची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नागरिकाला बंद!

या नजरेचा रोख कोणाकडे असतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयाला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जातीजमातींना जन्मतः चोर ठरविले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत माणसांची हजेरी घेतली जाई. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलीस ठाण्यातील वही गेली नाही; गावात चोरी झाली की पारध्याचे पाल आजही आधी तपासले जाते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने नुसत्या अटकेवरूनही बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे यांची नोंद घेऊन ती ७५ वर्षे जपण्याची मुभा दिली. चेहरा ओळखणारे यंत्र शिकणार आहे ते याच वहीतून. यंत्राला जात नसते असे सांगणाऱ्यांनी, यंत्राला शिकविणाऱ्या नोंदींना जात असते, हे ध्यानात घ्यावे.

आणि या साऱ्यावर कळस म्हणून जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणे हेही मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्य ठरविले होते. महाडचे चवदार तळे आणि वडाळ्याचे मिठागर ज्या भूमीत आहे तेथे हा मसुदा लिहिला गेला! विधानसभेत एकट्या मार्क्सवादी कम्युनिस्ट आमदाराने स्पष्ट विरोध नोंदविला. पुरोगामी म्हणविणाऱ्या इतर पक्षांची सभागृहातील वाचा त्या दिवशी कोठे गेली होती, हे त्यांच्या मतदारांनी विचारले पाहिजे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याला २००४ आणि २००८ साली धार लावणारे काँग्रेसचेच सरकार होते आणि १९९९ चा ‘मोक्का’ युतीच्या राजवटीतला आहे. सरकार बदलते, हत्यार तेच राहते, आणि आज ज्याने ते घडविले त्याच्यावरच ते उद्या उगारले जाते. १९७५ ते १९७७ या काळात तुरुंगात गेलेल्या समाजवाद्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

विश्वास ही मागून मिळणारी वस्तू नाही. जो स्वतः दिसण्यास तयार नाही त्याला दुसऱ्याचा विश्वास मागण्याचा अधिकार नाही. म्हणून आपली मागणी ‘कॅमेरे काढा’ एवढीच असून भागणार नाही. ती पुढीलप्रमाणे नेमकी असली पाहिजे. प्रत्येक ठाण्यातील व कोठडीतील कॅमेरे चालू असलेच पाहिजेत, आणि तेथील चित्रण तक्रारदाराला ठरावीक मुदतीत मिळालेच पाहिजे. न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीवाचून कोणाचाही फोन ऐकला जाऊ नये. कायदेमंडळाने स्वतंत्र कायदा केल्याखेरीज चेहरा ओळखण्याची यंत्रे वापरू नयेत. किती फोन ऐकले, किती चित्रण कोणी मागितले, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे आला पाहिजे. आणि पूल, दिवे, शौचालये, लोकलचे डबे यांवरचा खर्च सुरक्षिततेचाच खर्च म्हणून मोजला गेला पाहिजे. गोरेगावच्या बायांना घेऊन पाण्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या मृणालताई गोरे यांनी नागरी सुविधा हाच राजकारणाचा विषय केला होता. आपण त्याच वाटेने गेले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईहून येणाऱ्या आदेशाची वाट पाहू नये. आपल्या वस्तीच्या पोलीस ठाण्यात चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जावे, कोठडीतील कॅमेरा चालू आहे काय याची माहिती लेखी अर्जाने मागावी, पोच घ्यावी आणि मिळालेले उत्तर, किंवा उत्तर न मिळाल्याची हकीकत, वस्तीच्या फळ्यावर लावावी. २०१४ साली महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचा पत्ता वस्तीत किती जणांना ठाऊक आहे, हेही विचारून पाहावे आणि तो पत्ता त्याच फळ्यावर लिहावा.