ध्रुवांवरचे आकाश आणि औंढा नागनाथ
ध्रुवांजवळ चुंबकीय बलरेषा जवळजवळ उभ्या असतात. त्यांच्या वाटेने उतरणारे भारित कण शंभरेक किलोमीटर उंचीवरची विरळ हवा तापवतात. ती फुगून वर येते आणि उपग्रहांना होणारा हवेचा विरोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ पैकी बहुतेक नवे उपग्रह अशाच भूचुंबकीय वादळात जळाले. या उष्णतेचे गणित मांडणे अवघड, कारण ध्रुवांवरची मोजमापे तुरळक. म्हणूनच पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ तळांवरची उपकरणे मोलाची ठरतात. त्याहून मौल्यवान वारसा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा: १८५९ च्या भूचुंबकीय महावादळाची तिथली नोंद आजही प्रारूपे पडताळायला वापरतात. हिंगोलीत औंढ्याजवळच्या नियोजित लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकयंत्रालाही आयनांबर, म्हणजे वरच्या हवेचा भारित थर, टाळता येणार नाही. विजांमुळे जमीन आणि आयनांबर यांच्यामध्ये घुमणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी जगभरच्या अशा शोधकयंत्रांत एकाच वेळी गोंगाट मिसळू शकतात. गुरुत्वीय लहरींच्या क्षीण पार्श्वसंकेताच्या शोधात तो ओळखून वेगळा काढावा लागतो.