विश्लेषण : गिझर टाकीचा की इन्स्टंट? वीज नेमकी कशात वाचते?

थंडी पडू लागली की गिझरच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : टाकीचा घ्यावा की इन्स्टंट? ‘इन्स्टंटला वीज कमी लागते’, हे उत्तरही ठरलेले असते. त्यातच महावितरणने स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत दिली आहे. मग टाकीत दुपारीच पाणी तापवून ठेवले तर? हिशेब करून पाहू.

इन्स्टंटला खरेच कमी वीज लागते?

नळाचे पाणी २० अंश सेल्सिअस आहे असे धरू. १५ लिटरच्या दोन बादल्या ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. टाकीत १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात तेवढेच थंड पाणी मिसळले, तरी खर्च तेवढाच. फरक पडतो तो तापलेले पाणी टाकीत पडून राहिल्यावर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) तारे याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर ठरतात. अंघोळीआधी अर्धा तास गिझर लावून नंतर बंद करणाऱ्या घरात हा तोटा किरकोळ असतो. दिवसभर बटण चालू राहणाऱ्या घरात मात्र तो रोज बिलात चढतो.

मग इन्स्टंटमध्ये अडचण कोणती?

पाण्याची धार. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर पाणी २० अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. म्हणजे बादलीला सात मिनिटे. नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर आले, तर सुमारे नऊ मिनिटे. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर हवा असेल तर ११ किलोवॉट लागतील. साध्या सिंगल फेज जोडणीवर एवढा भार टाकता येत नाही. टाकीचा २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० ते २५ मिनिटांत तापवतो आणि मग मोठी धार देतो. मात्र टाकी रिकामी झाली की पुढच्याला थांबावे लागते.

वायरिंगचे काय?

३ किलोवॉटला सुमारे १३ अँपिअर प्रवाह लागतो, तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. ४.५ किलोवॉटला जवळपास २० अँपिअर लागतात. त्यासाठी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. जुन्या इमारतीत आधी इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.

दुपारच्या सवलतीचा फायदा किती?

०.७ युनिटवर ८० पैसे, म्हणजे एका टाकीमागे ५६ पैसे. संध्याकाळी अंघोळ करणाऱ्यांनी पाचच्या आत पाणी तापवले तर तेवढे वाचतील. सकाळच्या अंघोळीसाठी आदल्या दुपारी तापवलेले पाणी रात्रभरात निवते आणि सवलतही त्यातच जाते.

गॅस गिझर स्वस्त पडेल?

तोही टाकीशिवायचाच आणि धारही चांगली देतो. पण बंद न्हाणीघरात ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. तशी जागा नसेल तर विजेचाच घ्या.

थोडक्यात निवड कशी करावी?

एक-दोन माणसे, बादलीने अंघोळ किंवा फक्त स्वयंपाकघरातील सिंक : ३ किलोवॉटचा इन्स्टंट पुरेसा. चार-पाच माणसे आणि सकाळी सगळ्यांची एकदमच घाई, किंवा शॉवर : १५ ते २५ लिटरची, जास्त तारे असलेली टाकी. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी असेल तर दोन्हींच्या कॉइलवर थर साचतो. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या.