वाळवण अळिंबीचं

मैत्रिणींनो, पापड-कुरडयांचं वाळवण आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग अळिंबीच्या वेळी आपण कशा चुकलो?

आमच्या बचत गटाने धिंगरी अळिंबी लावली. पीक छान आलं, पण दोन दिवसांत गिऱ्हाईक मिळेना. चार किलो माल उकिरड्यावर गेला, बायका रडवेल्या झाल्या. प्रशिक्षणात लागवड शिकवली होती, वाळवण नाही!

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं. किलोभर धिंगरी कडक उन्हात, पातळ कापडाखाली दोन-तीन दिवस वाळवली की जेमतेम १०० ग्रॅम उरते. कटकन मोडली की वाळली समजायचं. गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरायची, नाहीतर बुरशी धरते. काही महिने बिनघोर! कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की भाजीला तयार. रानातली अनोळखी अळिंबी मात्र नकोच; वाळवून विष जात नाही.

माझं म्हणणं एवढंच, लागवड शिकवता तर वाळवणही शिकवा. पावसाळ्यासाठी गटाला ड्रायर मिळवून द्या. डब्यात माल टिकला, तर पडेल भावात विकायची पाळी बाईवर येणार नाही.