बाहेरच्या बाजूची शिवण

आई घरात ब्लाऊज उलटा घालते. शिवणी बाहेर, सरळ बाजू आत. कुणी येणार असलं की आत जाऊन सुलटा करून येते आणि ते गेले की पुन्हा उलटा. डाव्या बगलेत जिथं बाहीचा जोड येतो, तिथं शिवणीचा दोरासुद्धा तिला सोसत नाही. अकरा वर्षांपूर्वी, त्रेसष्टाव्या वर्षी, तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. स्तन काढला, बगलेतल्या गाठी काढल्या. टाके निघाले, जखम भरली, पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले. तपासणीला गेलो की डॉक्टर वण पाहून म्हणतात, ‘छान भरलंय.’ खरोखरच छान भरलं आहे. दुखायचं मात्र थांबलेलं नाही.

पहिली चार वर्षं आम्हा कुणालाच हे नीट कळलं नाही. मलाही नाही, आणि याची खंत मला आजही आहे. एका तपासणीत तिनं दुखण्याचा विषय काढला, तेव्हा समोरचे डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आता तिथं दुखण्यासारखं काही उरलेलं नाही. मनातून काढून टाका.’ मी शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावली. त्यानंतर आईनं विषयच बंद केला. पुढं दोन वर्षांनी एकदा दोरीवरचे कपडे घड्या करताना माझ्या लक्षात आलं, की तिचे घरातले सगळे ब्लाऊज आतून विटलेत आणि बाहेरून नवेकोरे आहेत. तेव्हा विचारलं. मग ती बोलली.

‘हुळहुळतं गं,’ ती म्हणाली. ‘दुखतं म्हणावं तर दुखत नाही. पदर घासला तरी नको वाटतं. आणि एक सांगू? हसू नकोस. जे काढून नेलं ना, तिथं खाजतं कधी कधी.’

शेवटचं वाक्य बोलताना तिनं दाराकडे पाहिलं, वडील ऐकत नाहीत ना म्हणून. चार वर्षं तिला वाटत होतं, आपल्या डोक्यात काहीतरी बिघाड झाला आहे.

तसं काही नव्हतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्ये अशा संवेदनेला ‘फँटम’ हा शब्द वापरला. पाय गुडघ्याखाली कापलेला असतो आणि अंगठा वळतो, टाचेला कळ लागते. त्याच्याही तीनशे वर्षं आधी आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदानं हे लिहून ठेवलं होतं. आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात एक साधा आरसा उभा करून, शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दाखवून, काही रुग्णांच्या ‘नसलेल्या’ हाताची वळलेली मूठ सोडवली. हे हातापायांपुरतंच नाही. स्तन काढलेल्या बायकांनाही अशी जाणीव होते, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. आईला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो ‘हुळहुळतं’ हा शब्द! पुढं एका भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई भेटल्या. त्या आठवड्यातून दोन दिवस फक्त जुन्या दुखण्यांची ओपीडी चालवतात. त्यांनी आधी रीतीप्रमाणे विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? आई गप्प. आकड्यात कसं सांगायचं? मग बाईंनी विचारलं, ‘बरं, तुमच्या शब्दांत सांगा.’ आई म्हणाली, ‘हुळहुळतं.’ त्या शब्दासरशी बाईंचा पेन चालू लागला. जो एरवी दुखायला नको असा हलका स्पर्शच जिथं सोसवत नाही, तिथं दुखणं मांसाचं किंवा हाडाचं नसून नसेचं असण्याची शक्यता मोठी असते. एका शब्दानं अर्धं निदान केलं.

रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं 1975 मध्ये रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे शब्द गोळा करून एक प्रश्नावली तयार केली. त्यात अठ्ठ्याहत्तर शब्द आहेत, वीस गटांत लावलेले. ते वाचल्यावर मी आमच्या घरातले शब्द लिहायला बसले. ठणकतं, ठसठसतं, चुरचुरतं, झोंबतं, शिवशिवतं, सलतं, खुपतं, रग लागते, कळ येते, चमक भरते, उसण भरते, मुंग्या येतात, आग होते, ओढ लागते, बधिर पडतं. पिकणाऱ्या फोडाला ठसठस म्हणतात, हुळहुळ कुणी म्हणत नाही. पाठीत उसण भरते, बगलेत भरत नाही. आपल्या आज्यांनी हे सगळं बारकाईनं वेगळं करून ठेवलं आहे. दवाखान्यात गेल्यावर आपण ते विसरतो आणि ‘पेन होतंय’ म्हणून मोकळे होतो.

आईच्या बगलेत काय झालं, ते बाईंनी कागदावर काढून दाखवलं. फासळ्यांच्या मधून एक बारीक नस निघते, बगल ओलांडते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला संवेदना देते. बगलेतल्या गाठी काढायच्या तर ती वाटेतच येते. कधी ती कापली जाते, कधी ताणली जाते, कधी नंतर वणाच्या घट्ट पेशींत सापडते. सर्जनचा हात कितीही कसबी असला तरी प्रत्येक वेळी ती वाचतेच असं नाही. कापलेलं टोक पुन्हा वाढू पाहतं, पण पुढची वाट सापडली नाही की तिथंच गुंतवळ करून बसतं. मग त्या जागी बोट टेकलं तरी झणका येतो.

गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं, की इजेनंतर खुद्द मज्जारज्जूच्या कामात बदल होतो आणि तो अधिक हळवा होतो. घरात एकदा चोर शिरून गेला की पुढं कित्येक रात्री उंदीर खुडबुडला तरी सगळं घर दचकून उठतं, तसं हे आहे. चोर कधीच गेला, कडी नवी बसवली, पण झोप पूर्वीसारखी लागत नाही. कुणाच्या घरची महिन्याभरात ताळ्यावर येते, कुणाची वर्षानुवर्षं येत नाही. दचकणारा माणूस खोटं दचकत नाही, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

हे दुर्मीळही नाही. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेन्रिक केहलेट, ट्रोल्स येन्सेन आणि वुल्फ यांनी मांडलेला अंदाज असा: नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर दहा ते पन्नास टक्के लोकांचं दुखणं रेंगाळतं आणि दोन ते दहा टक्क्यांचं तीव्र असतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वीस ते तीस टक्के, हर्नियानंतर सुमारे दहा, सिझेरियननंतरही सुमारे दहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या यादीत, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नोंद मिळाली आहे. आईला ‘मनातून काढून टाका’ म्हटलं, ते दुखणं आज रोगांच्या यादीत आहे.

सिझेरियनच्या त्या दहांपैकी एक मी आहे. मुलगी एकवीस वर्षांची झाली. आडव्या वणाच्या मधल्या भागात मला काहीच कळत नाही, कातडी बधिर आहे. उजव्या टोकाला मात्र बोटाएवढी जागा जागी आहे. ओट्याखालचा तांदळाचा डबा वाकून ओढला की तिथून जांघेपर्यंत चमक जाते. या छेदाच्या दोन्ही टोकांजवळून जांघेकडे जाणाऱ्या नसा असतात, हे मला आईचा कागद पाहताना कळलं. तोवर मी सगळा दोष भुलेच्या सुईला देत होते, जशा आपल्याकडे हजारो बायका देतात. ‘कमरेत सुई दिली तेव्हापासून कंबर गेली’ हे वाक्य कुठल्याही हळदीकुंकवात ऐकायला मिळतं. बाळंतपणात कमरेत सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीत सुईमुळे फरक दिसला नाही. कंबर दुखते हे खरं, फक्त कारण बहुधा दुसरीकडे असतं: वाकून उचललेलं मूल, बसून पाजणं, न मिळालेली विश्रांती. सुईवर खापर फोडलं की या खऱ्या कारणांकडे कुणी पाहत नाही.

कंबर म्हटलं की मला बीड आठवतं. 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी नको, खाडा नको, मुकादमाची उचल फिटली पाहिजे, म्हणून तिशीतल्या बायकांनी पोट उघडून घेतलं आणि पुन्हा मोळ्या उचलायला फडात गेल्या. ऑपरेशनं मोजली गेली, ते फार चांगलं झालं. आता त्या बायकांच्या पोटात, पाठीत, कमरेत काय उरलं आहे, याचीही पाहणी व्हायला हवी. पहाटे तीनला उठून थंडीत फडावर जाणाऱ्या बाईला विचारायला कुणीतरी गेलं पाहिजे.

थंडीचं मुद्दाम लिहिते. ‘आभाळ आलं की वण बोलतो’ असं आपल्याकडे म्हणतात. हवामान आणि दुखणं यांच्या अभ्यासांचे निष्कर्ष आपसांत जुळत नाहीत, पण दुखावलेल्या नसेला गारवा झोंबतो हे पक्कं आहे. डिसेंबरात आई बगलेत मऊ सुती ओढणीची घडी ठेवून झोपते, तिच्या या सवयीला शास्त्राचा आधार आहे. आणि वण म्हणजे काही मेलेली कातडी नव्हे. अठराव्या शतकात कमोडोर ॲन्सनच्या जहाजावर स्कर्व्हीची साथ आली, तेव्हा एका म्हाताऱ्या सैनिकाची पन्नास वर्षांपूर्वी, 1690 च्या बॉइनच्या लढाईत झालेली जखम पुन्हा उघडली. ‘क’ जीवनसत्त्व संपलं आणि शरीराला ती जागा सांधून धरता येईना. पन्नास वर्षं त्याचं शरीर रोज ती जखम शिवत होतं. हे वाचलं त्या रात्री मी आईच्या बगलेला हात लावायला प्रथमच धजले.

उपचार आहेत, हे ठासून सांगायला हवं. आईला रात्री एक गोळी सुरू झाली, अगदी कमी मात्रेत. मूळची ती उदासीपणावरची, पण नसेच्या दुखण्यावर गेली कित्येक वर्षं वापरात आहे. पाकिटातला कागद वाचून माझा भाऊ घाबरला आणि गोळी बंद करायला निघाला. अशा कारणानं उपचार सोडलेली माणसं पुष्कळ असतील. दुसरा उपचार तिच्या हातातला: आधी कापसाचा बोळा, काही आठवड्यांनी मलमल, मग टॉवेल, रोज पाच मिनिटं बगलेवरून फिरवायचा. नसेला स्पर्शाची पुन्हा ओळख करून द्यायची. फिजिओथेरपिस्ट हे शिकवतात. काहींना नसेजवळ इंजेक्शन द्यावं लागतं. सगळ्यांचं दुखणं पूर्ण जात नाही, आईचंही गेलेलं नाही. पण ती आता कुशीवर झोपते. जुन्या जागेवर नवी सूज, लाली, गाठ किंवा ताप आला तर मात्र ते नेहमीचं समजून घरी बसू नये, सर्जनला दाखवावं.

ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलं आहे, त्यांना दोन गोष्टी सांगते. आधीपासून दुखत असेल आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत फार दुखलं, तर दुखणं रेंगाळण्याचा धोका वाढलेला दिसतो. म्हणून त्या दिवसांत दात-ओठ खाऊन सोसू नका. रात्री दोन वाजता दुखलं तर नर्सला हाक मारा. बाईनं सोसावं ही शिकवण तिथं तरी बाजूला ठेवा. आणि सहीचा कागद समोर येईल तेव्हा विचारा: यात कुठली नस जवळ आहे, नंतर काय बधिर पडेल, तीन महिन्यांनी दुखलं तर कुणाकडे जायचं? चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे, ती माणसं आपल्या घरातच असतात. आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ते टाक्यांचं अजून दुखतं का. आणि ते जो शब्द वापरतील, तोच डॉक्टरांना सांगा.