कुस्ती वजनकाट्यावरचीही पाहा

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात बुलडाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. त्या गटाची मर्यादा ८६ ते १२५ किलो. जपानच्या व्यावसायिक सुमोत वजनगटच नसतात; आपल्या मॅटवर मात्र पहिली झुंज वजनकाट्याशी असते आणि ती शौकिनांना दिसत नाही.

खालच्या गटात बसण्यासाठी अनेक मल्ल शेवटच्या दिवसांत पाणी तोडतात, जाड कपडे घालून घाम काढतात. असे झटपट उतरलेले वजन मुख्यतः चरबीचे नसते, पाण्याचे असते. रक्तातील द्रव घटतो, हृदयाचे ठोके वाढतात, शरीर तापते, मूत्रपिंडांवर ताण येतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत सौना व रबरी पोशाखांवर बंदी आली. शरीरातील पाणी तपासूनच मल्लाचे किमान वजन ठरू लागले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅम जास्त भरल्याने विनेश फोगाट अपात्र ठरली, तेव्हा देश हळहळला, तो हुकलेल्या पदकासाठी. वजन उतरवताना शरीराचे होणारे हाल चर्चेत मागेच राहिले.

जिल्हा निवड चाचणीतही लघवीची साधी तपासणी करून शरीरातील पाणी पाहता येईल. ही मागणी शौकिनांनीच लावून धरावी. वाढत्या वयातल्या पोराला ‘दोन दिवसांत तीन किलो उतरव’ म्हणणाऱ्या वस्तादाला आधी त्यांनीच हटकायला हवे.