मांडीवर न बसणारी पाहुणी

गेल्या वर्षी रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. आमचे मामू बोईसरहून आले ते पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन. खोक्याला भोके पाडलेली. मुलांना वाटले, ईदची राहिलेली मिठाई आली. उघडून पाहतो तर कोपऱ्यात अंग चोरून बसलेला पांढरा ससा! मामूंच्या इमारतीतले एक भाडेकरू काम सुटल्यावर गावी गेले आणि पिंजरा जिन्याखाली ठेवून गेले. तीन दिवस वॉचमन चपातीचे तुकडे टाकत होता. कुत्री जिन्याभोवती फिरू लागली तेव्हा मामूंनी त्याला उचलले. म्हणाले, "तुमच्या मासवणला गवत भरपूर. इथे सुखात राहील."

मुलांनी नाव ठेवले मिश्री. दादींनी मात्र लगेच विचारले, "हे जनावर जगते किती वर्षे?" आम्हा कोणालाच माहीत नव्हते. नंतर कळले की घरात नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे सहज जगतो. आमचा धाकटा दुसरीत आहे. तो बारावीला जाईल तेव्हाही मिश्री घरात असू शकते. दादींचा प्रश्न साधा होता, पण जनावर घरात घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न तोच.

शेजारचे एक काका म्हणाले, "सूर्या नदीच्या पलीकडे झाडीत सोडून द्या, आपले आपण जगेल." हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. आपल्या रानात दिसतो तो भुरा रानससा वेगळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला पकडून पाळता येत नाही. बाजारात मिळणारा पाळीव ससा मूळचा युरोपातला, माणसाच्या हाताखाली पिढ्यानपिढ्या वाढलेला. त्यातून रंग पांढरा. रानात सोडला तर कुत्री, मुंगूस, साप यांच्या तोंडून तो किती दिवस वाचणार? पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

तर मिश्री राहिली. पहिले दोन आठवडे आम्ही चुकाच केल्या.

मुलांना तिला मांडीवर घ्यायचे होते. उचलले की ती मागच्या पायांनी लाथा झाडायची. मोठीच्या हातावर ओरखडे उठले, ती रडत म्हणाली, "ही आपल्यावर प्रेमच करत नाही." पुढे एका डॉक्टरांनी समजावले की ससा हा शिकार होणारा प्राणी. जमिनीवरून उचलले की त्याला वाटते, घारीने पंजात धरले. झटापटीत जोराची लाथ मारली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. त्या दिवसापासून घरात नियम झाला : मिश्रीला उचलायचे नाही, आपणच खाली बसायचे.

दुसरी चूक खाण्याची. पाहुणे यायचे, कोणी बिस्किट द्यायचे, कोणी केळे, कोणी गाजर. ती आवडीने खायची, म्हणून आम्हीही खूश. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिने कोथिंबिरीलाही तोंड लावले नाही. कोपऱ्यात नुसती बसून राहिली. रात्रभर एक लेंडी पडली नाही. सकाळी पालघर गाठले. तिथले डॉक्टर गाई-बकऱ्यांचे जाणकार. त्यांनी सरळ सांगितले, "सशाचा मला अनुभव नाही, वेळ घालवू नका." लोकलने वसईकडे गेलो, तिथे सशांवर उपचार करणारे डॉक्टर भेटले. ते म्हणाले, सशाचे पोट सतत चालू राहावे लागते. त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास खाल्ले नाही, तर उद्या बघू म्हणायची सोय नाही. दोन दिवस सुईविरहित सिरिंजने भरवावे लागले. तिसऱ्या दिवशी चार लेंड्या दिसल्या आणि अम्मींच्या तोंडून "अलहम्दुलिल्लाह" निघाले. लेंड्या पाहून शुक्र अदा करणारे आमचे पहिलेच घर असेल!

त्याच वेळी एक नातेवाईक हसत म्हणाले, "इतक्या पैशात चार ससे आले असते. ससा हलाल आहे, कापून सालन करायचे." मुलांचे चेहरे उतरले. ससा आमच्याकडे हलाल मानतात. बकरी ईदला आम्हीही कुर्बानी करतो. पण खाण्यासाठी पाळलेले जनावर वेगळे आणि आसरा देतो म्हणून घरात घेतलेले वेगळे. दादींनी त्यांना मांजरीची हदीस आठवून दिली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, तिला खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन पोट भरण्याची मोकळीकही दिली नाही. मांजर मेली आणि ती बाई शिक्षेला पात्र ठरली. दादी म्हणाल्या, "कडी आपण लावली, म्हणजे तिचे पोट आपल्या गळ्यात आले." त्यावर कोणी काही बोलले नाही.

आता घडी बसली आहे. तिचे मुख्य खाणे सुके गवत, दिवसभर पुढ्यात हवेच. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आपल्या भागातले गवत म्हशींच्या तबेल्यांना जाते, त्यातलेच आम्ही आणतो. फक्त बुरशी नको, फवारणी केलेले नको. सोबत मूठभर कोथिंबीर, शेपू किंवा मुळ्याचा पाला. गाजर म्हणजे मिठाई, लहानसा तुकडा पुरे. कांदा, लसूण, बटाटा, चपाती, बिस्किट बंद.

पिंजऱ्याचा तारेचा तळ काढून टाकला, त्याने पायाला जखमा होतात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून जुन्या चटया अंथरल्या. कोपऱ्यात ट्रेमध्ये वर्तमानपत्र आणि वर गवत, बहुतेक विधी ती तिथेच उरकते. विजेच्या वायरी पाइपात घातल्या. नमाजची खोली बंद ठेवतो. उन्हाळ्यात बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवतो. सशाला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर जाते. त्याला आंघोळ मात्र घालू नये.

औषधांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवरचे फिप्रोनिलचे औषध सशाला विषासमान आहे. अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले तर जीव जाऊ शकतो. घरातली गोळी अर्धी करून देऊ नका. मुंबईत परळला प्राण्यांचे जुने मोठे रुग्णालय आहे, पण रात्री मासवणहून परळ गाठणार कसे? म्हणून सशाचा डॉक्टर आधी शोधा, ससा नंतर आणा. जोडी आणायची असेल तर नसबंदी आधी. मादीला महिन्याभरात पिल्ले होतात आणि लगेच पुन्हा दिवस राहू शकतात. मादीची नसबंदी केली तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो. आम्ही मिश्रीची करून घेतली.

आता ईद आली की मुले ससा मागतात, आईबाप भेट म्हणून आणतातही. ईद एका दिवसाची, ससा दहा वर्षांचा. आणायचाच असेल तर कोणीतरी टाकून दिलेला आणा. आणि मुलावर सोपवून मोकळे होऊ नका. मूल मदत करील, जबाबदारी मोठ्यांचीच.

ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागे असतात. फज्रनंतर दादी चटईवर तसबीह घेऊन बसतात. एके दिवशी मिश्री हळूच आली आणि त्यांच्या गुडघ्याला हनुवटी घासून गेली. ससा हनुवटी घासून आपल्या ओळखीचा वास लावतो म्हणे. दादी हलल्या नाहीत, तसबीहही थांबली. वर्ष झाले, मिश्री अजून कोणाच्याही मांडीवर बसत नाही. आमच्या मोठीला आता त्याचे वाईट वाटत नाही. ती खाली बसून वाट पाहते.