पुढचे चाक वळवते, मागचे ओढते

गळीत हंगाम जवळ आला की तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानापुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. दुकानदार विचारतो, "पुढचे का मागचे?" मालक विचारतो, "स्वस्तात कोणते बसतील?" या दोन प्रश्नांत खरा प्रश्न राहूनच जातो. त्या चाकाकडून काम कोणते करून घ्यायचे आहे? बियाणे घेताना आपण जमीन बघतो, पाणी बघतो. टायर घेताना फक्त खिसा बघतो, आणि मग तोच खिसा डिझेलवाटे रिकामा होतो.

मागे खरिपाच्या तोंडावर एक शेतकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टर जाग्यावरच चाक फिरवतोय. इंजिनाचं काम काढावं लागणार बहुतेक." रानात जाऊन पाहिले, तर इंजिन ठणठणीत. आंतरमशागतीसाठी मागच्या चाकांमधले अंतर बदलताना गडबड झाली होती. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले होते, टायरवरचे बाण उलटे झाले होते. चाके सरळ केली आणि ट्रॅक्टर चालू लागला. इंजिन उघडले असते तर हजारो रुपये वाया गेले असते.

शेतकरी बंधूंनो, मागच्या टायरवरचे उंच तिरके दाते शोभेसाठी नसतात. दात्यांचे मधले टोक आधी जमिनीत शिरावे आणि चिखल दोन्ही कडांना फेकला जावा, अशी ती रचना आहे. टायर उलटे बसले की चिखल मध्येच भरतो आणि नवे टायरही गोटा झाल्यासारखे घसरते. ओळखायला सोपे आहे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहा, दात्यांची टोके वरच्या बाजूला दिसली पाहिजेत.

पुढच्या टायरचे काम वेगळे. साध्या, म्हणजे टू व्हील ट्रॅक्टरची पुढची चाके ओढत नाहीत, वाट दाखवतात. म्हणून त्यांवर गोल फिरणाऱ्या सरळ पट्ट्या असतात. त्या मातीत रुतून चाकाला बाजूला सरकू देत नाहीत, म्हणून स्टिअरिंग वळवले की ट्रॅक्टर वळतो. काही जण हौसेने पुढेही दात्यांचे टायर चढवतात. टू व्हीलला त्याचा ओढायला काडीचा उपयोग नाही. उलट वळण नीट बसत नाही आणि डांबरी रस्त्यावर दाते लवकर झिजतात.

आता जिवाची गोष्ट. टू व्हील ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, पुढच्यांना नाहीत. बहुतेक ट्रॉल्यांनाही ब्रेक नसतो. म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली उतारावर थांबवायची ती मागच्या दोन टायरांच्या पकडीवरच. तरीही "अजून एक हंगाम निघेल" म्हणून गोटा झालेली टायर मागे ठेवून आपण रात्रीच्या अंधारात कारखान्याची वाट धरतो. यात वाचतात चार पैसे, पणाला लागतो ड्रायव्हरचा आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव. याचा अर्थ पुढे भंगार चालेल असाही नाही. भरधाव असताना पुढचे टायर फुटले तर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि दोन चाकी ट्रॉलीत माल बेताबाहेर भरला, तर तिचा भार हुकावर येऊन ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. मग पुढे कितीही महागाचे टायर असो, जमिनीला न टेकणारे चाक वळवणार तरी काय?

टायर जोडीने बदलावीत. मागे एक नवे आणि एक झिजलेले असले की दोन्ही चाकांचा घेर सारखा राहत नाही. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, ब्रेक असमान लागतो आणि डिफरन्शियलला विनाकारण ताण पडतो. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असेही करू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडलेली हवीत, हे ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा बजावावे.

फोर व्हील ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच जपावे. त्यात पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापतील असे गिअरचे गणित बसवलेले असते. मागे 13.6-28 च्या जागी 14.9-28 चढवले आणि पुढची जुन्याच मापाची ठेवली, तर ते गणित मोडते. पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात, टायर झिजतात, गिअर खचतात. माप बदलायचेच तर कंपनीच्या पुस्तकातील जोडी पाहूनच बदलावे. कडक रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवावे.

टायर बरोबर आहे का, हे रानातच कळते. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. नंतर त्याच रानात अवजार लावून पुन्हा दहा फेरे मोजा. पहिले अंतर 40 मीटर आणि दुसरे 34 मीटर आले, तर घसर 15 टक्के झाली. 10 ते 15 टक्के चालते. त्याहून जास्त म्हणजे डिझेल मातीत गेले. अशा वेळी आधी हवा, वजन आणि दाते तपासा, मगच दुकान गाठा. मात्र वजन वाढवायचे म्हणून ओल्या काळ्या रानात जड ट्रॅक्टर घालू नका. जमीन दबली की मुळांना वाट राहत नाही, आणि ते नुकसान टायरच्या किमतीहून मोठे असते.

शेवटी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेतकरी गटांच्या पदाधिकाऱ्यांना एक सांगणे. अवजार बँकेचा ट्रॅक्टर सगळ्यांचा असतो, म्हणून त्याची टायर कुणाचीच नसतात. गटाच्या नोंदवहीत टायरसाठी एक पान ठेवा. माप, बसवल्याची तारीख, शेवटची तपासणी, एवढे पुरे. गावातले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या हंगामाआधी एक दिवस चावडीपुढे उभे करून सर्वांनी मिळून पाहिले, तर खर्च काहीच नाही. ड्रायव्हरलाही त्या दिवशी बोलू द्या. मागचे टायर कधी घसरले हे मालकाआधी त्याला माहीत असते. पण नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसतो.

बैलाच्या खुराला पत्री मारताना आपले वडील बैल आडवा पाडून चारही खूर तपासायचे. लोखंडाच्या बैलाला खुरे नाहीत, टायर आहेत. ती तपासायला त्याला आडवा पाडण्याचीही गरज नाही. थोडे वाकून पाहिले तरी पुरे.